शिलाईमावशींनी परत घेतलेला शब्द

शिलाईमावशींना कोणी "जमणार नाही" म्हटलं की त्यांच्या हाताला वेग यायचा. गल्लीला हे ठाऊक होतं. तातडीचं शिवण घेऊन येणारी माणसं दारातूनच म्हणायची, "मावशी, उद्यापर्यंत काही होत नसेल ना?" आणि कपडे त्याच संध्याकाळी इस्त्री करून हातात पडायचे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या थोरल्याला मात्र याच घरात वाढूनही हे कधी उमगलं नाही.

बुधवारी सकाळी तो मागच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुझा तो ट्रॅक्टर आता सुरू व्हायचा नाही. शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय. सोमवारी फरशीवाला येईल."

घरामागच्या लांबट मोकळ्या जागेत त्याने खुंट्या ठोकून पांढरी दोरी ताणलीसुद्धा होती. गवत मांडीपर्यंत वाढलेलं होतं, त्यातून ती दोरी सरळ कुंपणापर्यंत गेली होती.

"फरशी कशाला?" मावशींनी विचारलं.

"कटकट नको म्हणून. गुडघा नवा बसवलाय तुझा. गवत कापणार कोण?"

"मी. इतकी वर्षं कोण कापत होतं?"

तो ट्रॅक्टर म्हणजे बागेतलं गवत कापायचं छोटं यंत्र. पुढे इंजिन, मध्ये पोटाखाली पातं, वर एक सीट. ज्या शाळेचे गणवेश मावशींनी चाळीस वर्षं शिवले, तिने नवं यंत्र घेतलं तेव्हा जुनं बाहेर काढलं. मावशींनी ते मागून आणलं. जन्म सुईवर मान वाकवून गेलेला. त्या सीटवर बसल्या की मान ताठ व्हायची आणि कुंपणापलीकडचा रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा. आठवड्यातला तो एक तास त्यांचा स्वतःचा होता. मग गुडघा दुखू लागला, शस्त्रक्रिया झाली, आणि दोन वर्षं यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं.

"शनिवारी दहाच्या आत तो सुरू झाला तर?" मावशी म्हणाल्या.

थोरला हसला. "तर फरशी रद्द. चालवायला आपण माणूस लावू. पण तू त्याच्यावर चढायचं नाहीस. शब्द दे."

"दिला," मावशी म्हणाल्या. माप घेताना घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

शब्द दिला की त्या अक्षराला जागत. गुरुवारी शेडमध्ये स्टूल टाकून त्यांनी ट्रॅक्टरचं पुढचं झाकण उघडलं तेव्हा सीटला त्यांनी हाताचा कोपरसुद्धा टेकवला नाही.

त्यांचे यजमान दारात वही घेऊन उभे होते. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे स्वतः काहीही करायला ते घाबरत. अंगाने इतके हलके की वारा सुटला तर मावशी म्हणायच्या, "अहो, आत या, उडून जाल."

"अगं, थोरला म्हणतो तेही खरं आहे," ते म्हणाले.

"आणि मी म्हणते ते?"

"तेही खरं आहे."

"मग वही ठेवा आणि तो पाना द्या. ह्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका कुठाय?"

"मी वाचलीय ती पहिल्याच दिवशी. सबंध. त्यात विशेष काही नाही."

हवेच्या गाळणीत उंदराचं घर निघालं. निळ्या गणवेशाच्या चिंध्यांचं. मावशींनी ते हातात धरून पाहिलं. "माझंच कापड. मेल्याने अस्तरसुद्धा लावलंय." टाकीतलं पेट्रोल जुन्या व्हार्निशसारखं वास मारत होतं. ते ओतून टाकलं. कार्बोरेटर उघडला तर त्यातल्या पितळी भोकाला चिकट राळ धरलेली. तिथे त्यांनी सुईच्या डबीतला सगळ्यात बारीक नायलॉन दोरा ओवला आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढत राहिल्या, भोकातून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत. प्लगच्या टोकांमधलं अंतर कॉलरला लावायच्या बकरमच्या तुकड्याने जुळवलं. नवी बॅटरी त्यांनी गॅरेजमधून रिक्षात मांडीवर घेऊन आणली.

डाव्या पायाखालचं पेडल दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही, हे त्यांना सवयीने माहीत होतं. वर चढायचं तर नव्हतंच. म्हणून गणवेशाचा जुना पट्टा घेऊन त्यांनी ते पेडल दाबून बांधलं, बाजूला उभ्या राहिल्या आणि किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं. फिरत राहिलं. पेटलं नाही.

प्लग काढून, वायर लावून, लोखंडाला टेकवून पाहिलं. इंजिन फिरतंय, पण ठिणगीचा पत्ता नाही. गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बाजूला उभं राहून किल्ली फिरवली, प्लग पाहिला, कान खाजवला.

"मावशी, कॉइल गेली. हा माल आता मिळत नाही. देऊन टाका."

"गेली म्हणजे उघडून पाहिलीस?"

"पाहायचं काय त्यात? ठिणगी नाही म्हणजे कॉइल नाही."

"माझ्याकडे मशीन टाका सोडायला लागलं तर मी मशीन फेकते का रे?"

"मावशी, ते शिवणयंत्र. हे इंजिन."

"दोन्हीला तोंड नाही, म्हणून माणसं त्यांच्या नावावर वाटेल ते खपवतात. जा तू."

मिस्त्री हसत निघाला. जाताना थोरल्याला भेटला असावा, कारण संध्याकाळी जिन्यावरून आवाज आला, "आई, मिस्त्रीनेही हात टेकले म्हणे! आता तरी हट्ट सोड."

मावशींनी शेडचं दार लावून घेतलं. त्या रात्रभर नीट झोपल्या. रडून उशी भिजवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

शनिवारी सकाळी आठला त्या पुन्हा शेडमध्ये आल्या. शिवण बिघडली की त्यांची रीत एकच. कुठे उसवलंय याचा अंदाज बांधायचा नाही. दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरायचं आणि तो नेईल तिथे जायचं. त्यांनी कॉइलची वायर चिमटीत धरली. ती इंजिनाच्या कडेने किल्लीकडे गेली. तिथून एक फाटा पेडलला. तो ठीक. दुसरा फाटा मात्र मागे वळला, टाकीखालून गेला आणि सीटच्या खाली शिरला.

"हा इथे काय करतोय?"

त्यांनी सीट उचलली. खाली स्प्रिंगवर एक बोटाएवढं बटण होतं. दाबलं की आत जायचं, सोडलं की वर. मावशींनी ते दोनदा दाबलं, दोनदा सोडलं, आणि मग त्या स्टुलावर मटकन बसल्या.

"अहो! ती पुस्तिका आणा. आत्ता."

पुस्तिका आली. नवव्या पानावर ठळक छापलेलं होतं की चालक सीटवर बसलेला नसेल तर सुरक्षेसाठी ठिणगी बंद राहते. त्या ओळीतच यजमानांच्या लाल पेन्सिलीने एक स्वल्पविराम घातलेला होता.

मावशींनी पानाकडे पाहिलं, मग यजमानांकडे.

"स्वल्पविराम हवाच होता तिथे," ते पुटपुटले.

"आणि ओळ काय म्हणतेय?"

"ते... आम्ही मजकूर वाचत नसू गं. अक्षरं वाचायचो."

इतकी वर्षं मावशी आधी बसत आणि मग किल्ली फिरवत, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. आणि आता शब्दाला जागून, अंग चोरून तीन दिवस बाजूला उभ्या राहिल्या, तर यंत्रही तीन दिवस त्यांचीच वाट पाहत राहिलं.

साडेनऊ वाजले होते. फाटकाशी भंगारवाल्याची हातगाडी लागली. थोरला जिना उतरून आला.

"अहो, तुम्ही बसा वर," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काही शब्द दिलेला नाही."

यजमान देवाचं नाव घेत चढले. बटण आत जाईना. मावशींनी त्यांच्या मांडीवर बॅटरीचं जुनं धूड ठेवलं, तेव्हा कुठे सीट दबली. किल्ली फिरली, इंजिन खोकलं, एकदम पेटलं, आणि यजमान "अगं बाई!" म्हणत उभे राहिले. इंजिन जागच्या जागी गप्प.

"अहो, बसून राहा ना!"

"अगं, हे हलतंय!"

"हलणारच. जिवंत आहे ते."

दुसऱ्यांदाही तेच. यजमान खाली उतरले आणि गुडघे चोळत बाजूला झाले. भंगारवाल्याने मोबाईलवर वेळ पाहिली. थोरला म्हणाला, "बघ आई, खोकला येतो आणि मरतो. पुरे झालं. मी त्यांना गाडी आत घ्यायला सांगतो."

मावशींनी पेडलला बांधलेला पट्टा सोडला, घडी करून खिशात ठेवला.

"आई, काय करतेस? तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता परत घेते."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उकिडवं बसू नका म्हणाले. खुर्चीवर बसा म्हणाले. ही खुर्चीच आहे."

उजवा पाय वर, मग दोन्ही हातांनी धरून डावा. सीट दबली. डावा पाय पेडलवर ठेवून त्यांनी दाबला तेव्हा नव्या गुडघ्यातून कळ कमरेपर्यंत गेली. चेहरा त्यांनी रस्त्याच्या वळणाकडे वळवून घेतला. किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धुराचा काळा गोळा सोडला, आणि धडधडत चालू राहिलं. पत्र्याची शेड थरथरली. भंगारवाला आपण होऊन दोन पावलं मागे सरला.

"झालं सुरू! उतर आता! माणूस लावतो मी!" थोरला ओरडला.

"उतरले की बंद पडतं!" मावशी त्याच्यावर ओरडल्या. "नवव्या पानावर लिहिलंय! बाबांना विचार!"

यजमानांनी जोरजोरात मान हलवली. या खेपेला बाजू कोणाची घ्यायची याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती.

मावशींनी पातं खाली सोडलं आणि यंत्र गवतात घातलं. मागे हिरवा पट्टा उघडा पडत गेला, शिलाईच्या रेघेसारखा सरळ. समोर पांढरी दोरी आली. त्यांनी वेग कमी केला नाही. थोरला धावला. वाकून पहिली खुंटी उपटली, मग दुसरी, आणि यंत्राच्या पुढे पुढे दोरी ओढत निघाला.

"गुंडाळून घे नीट!" मावशींचा आवाज इंजिनाच्या धडधडीतूनही ऐकू आला. "गुंता केलास तर सोडवत बसायला मला वेळ नाही. अजून अर्धी बाग व्हायचीय!"