गंगूची उडी

बाईंनी माझ्यासमोर वहीतलं ‘गंगूची उडी’ खोडलं आणि वर ‘गंगामाई कूप’ लिहिलं. गावातल्या जुन्या इमारती आणि जागांची नावं टिपायला त्या तालुक्याहून आल्या होत्या.

“विहिरीचं नाव उडी म्हटलं की लोक भलतंच समजतात, आत्या,” सरपंच म्हणाला. “बरं दिसत नाही.”

“बरं दिसावं म्हणून मारली नव्हती.”

बाई हसल्या, पण खोडलेलं तसंच राहिलं. देऊळ, चावडी, शाळा मात्र त्यांनी विचारून विचारून नीट लिहून घेतली. इमारतीला आपण नाव देतो, ते कसलंही द्यावं. बैल पडला ती बैलपडी किंवा ही उडी, अशी नावं कोणी ठरवून देत नाही. तिथे काहीतरी घडलेलं असतं. देवाचं नाव लावलं की घडलेलं पुसलं जातं आणि पाया पडायची सोय होते. उद्या तिथे नारळ फुटतील, पण ही माई कोण, ते कोणी विचारणार नाही.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण खोडलेलं वाचता येतं मला.

त्या विहिरीत दोन वर्षांचं पोर पडलं, तेव्हा पुरुष काठावर दोर शोधत होते. ते पोर म्हणजे हा सरपंच. उडी मारलेली गंगू मी. आम्ही दोघंही जगलो.