पायाचा फेटा

आमचे मालक म्हंजे गुरुसिद्धप्पा. घेतलं बघा नाव, आता या वयात कसली लाज! दिवसभर चादरीच्या मागावर बसायचे, आणि सोलापुरात कुणाचं बी लगीन निघू दे, फेटे बांधायला यांनाच बोलावणं. "नवरदेव घोड्यावरनं पडला तरी माझा फेटा सुटायचा न्हाय," असं स्वतःच सांगत फिरायचे. नवरदेवाचे कान लालभडक व्हायचे, त्याचं यांना काय न्हाय.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी यांना साखरेचा आजार निघाला. पथ्य? छ्या! लग्नात जिलबी नको म्हणलं की लग्नघरच्यांचा अपमान होतो म्हणे. मग संध्याकाळचे पाय सुजायला लागले.

शेजारच्या शकुंतलाबाई शाळेत मास्तरीण. उभं राहून राहून त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या, तर डॉक्टरनं त्यांना ताणाचे घट्ट मोजे दिले आणि सूज उतरली. यांनी ते मोजे बघितले न् मांडीवर थाप मारली. "ईरम्मा, आगं मोजा म्हंजे पायाचा फेटाच की!"

"आदी डॉक्टरला इचारा," मी म्हणलं.

"फेट्यातलं डॉक्टरला काय कळतंय?"

झालं. पेटीतला फेटा काढला, जास्त सुजलेल्या पायाला करकचून गुंडाळला आणि गुडघ्याखाली गाठ मारली. वर शेमल्याचं टोक बी लोंबतं सोडलं, रुबाबात! चार दिवसांनी म्हणतात, "बघ, दुखायचं बी थांबलं."

मग एका सकाळी माझ्या हातनं परात निसटली ती थेट यांच्या त्याच पायावर. डास चावला तरी गल्ली गोळा करणारा हा माणूस. मी शिव्यांची वाट बघत उभी, आणि हे आपले गप चहा पीत बसलेले. मी खाली बसून फेट्याची गाठ सोडायला घेतली.

गाठ सुटंना. सुटणार कशी, यांचीच ना मेली! शेवटी कात्रीनं फेटा कापला. पाऊल गारढोण, करंगळी काळीनिळी.

"कुणी बांधलं हे?" दवाखान्यात डॉक्टर ओरडले.

आमचा शहाणा छाती काढून म्हणतो, "मीच की!"

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "बाईंच्या पायात रक्त साचतं, म्हणून त्यांना मोजा. तुमच्या पायात रक्त पोचतच नाही नीट, त्याला तुम्ही फास लावलात. दुखणं थांबलं नाही हो, साखरेनं पाय बधिर झालाय! तपासल्याशिवाय मोजा नाही, पट्टी नाही. पाय वाचतो का बघू आता."

मागाची पावडी पायानं दाबायची असती. पाय गेला तर हा माणूस घरात बसून माझं डोकं खाणार. आता हसून सांगते, तवा देवापुढं डोकं आपटत होते.

करंगळी गेली. पाय राहिला.

पुढं भाचीचं लगीन. फेटा बांधताना हे नवरदेवाच्या कपाळाशी बोट घालून सारखे इचारायचे, "आवळतंय का? कळतंय का?" पोरगं वैतागलं. आणि ऐन अक्षतेला फेटा सुटून त्याच्या नाकावर आला!

"गुरुसिद्धप्पाचा फेटा सुटला!" कुणीतरी बोंबललं. सगळा मांडव खदाखदा हसायला लागला. मला वाटलं, आता हे तोंड लपवून पळणार.

तर हे उठले. "सुटला तर सुटला," म्हणाले, "परत बांधू की." आणि सगळ्या मांडवातनं डुलत डुलत नवरदेवाकडं चालत गेले, दोन्ही पायांनी.