पुढची सीट

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत पुढं बसायचं माझ्या नशिबी कधी आलं नाही. जीप होती तेव्हा पुढं सासूबाई बसायच्या, कारण मागं बसलं की त्यांना मळमळायचं. मग कार आली तर पुढं मुलगा, कारण त्याचे पाय लांब. मला मळमळलं तर मी लिंबू हुंगायचं. म्हणून बेदाण्याचा धंदा मुलाच्या हवाली करून आमच्या ह्यांनी पुण्याहून ती बसएवढी जुनी मोटारहोम आणली आणि म्हणाले, "आता तू आन मी. देश बघायचा. पुढं बसून, काचंतनं," तेव्हा मला खरंच वाटलं. वेडीच मी.

आठवडाभर अर्धं तासगाव ती बघायला आलं. जो तो पायरीखाली चपला काढून आत जाणार, पलंगावर बसून बघणार, नळ सोडून बघणार आणि चहा पिऊन जाणार. "वहिनी, लय नशीबवान हायसा तुमी," म्हणायचे. कप मीच विसळत होते. ते पाणी जातं कुठं, हेही मलाच शिकावं लागलं.

कारण शिकायचं काम आम्ही वाटून घेतलं होतं. म्हणजे ह्यांनी वाटून दिलं होतं. पुढचा भाग त्यांचा, मागचा माझा. त्यांना शिकवायला त्यांचे एक मित्र आले, मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेले. उस्ताद शेजारी पाहिजे, म्हणून पुढची सीट त्यांची. "अगं, शिकण्यापुरतं," हे म्हणाले. "आख्खं घर दिलंय की तुला मागं. राणीगत बस."

राणीला शिकवायला कुणी आलं नाही. चांगल्या पाण्याची टाकी कुठली, खरकट्या पाण्याची कुठली, संडासाची पेटी कशी ओढून काढायची, गॅस कुठून बंद करायचा, सगळं मी चाचपडत शिकले. पहिल्याच फेरीला वळणावर कपाट उघडलं आणि हळदीचा डबा माझ्या डोक्यावर रिकामा झाला. गाडी थांबल्यावर दोघं पोट धरून हसले. नंतर मी जुन्या साडीचे काठ फाडून एकेक दार बांधून ठेवायला लागले.

त्याच फेरीत विट्याच्या रस्त्याला थांबलो होतो. घरात शिरताना चपला बाहेर काढायची जन्माची सवय. त्या पायरीखाली काढून मी आत चढले आणि गाडी निघाली. मी ओरडले, पण मधे प्लायवूडची भिंत, पुढं कुणाला ऐकू जाणार! घरी अनवाणी उतरले तर हे म्हणाले, "नव्या घे की." एक मात्र केलं. त्या भिंतीत घंटी बसवून घेतली, एस्टीत असते तशी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. "तू कंडक्टर," म्हणाले. "तुझी डबल झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या घरात मला विचारल्याशिवाय हलणार नाही अशी एक तरी वस्तू झाली होती.

पहिला मोठा प्रवास वडूजला, माझ्या बहिणीकडं, आणि तिथून साताऱ्यावरून कासला. हे आता चांगलं चालवत होते. निघताना मी म्हटलं, "आवं, आता तुमाला येतंय की. मी बसू पुढं?"

हे मित्राकडं बघून हसले. "पुढं घाट हाय. घाट झाला की बस."

वडूजपर्यंत कुठला आलाय घाट? मी मागं जाऊन बसले. मागच्या खिडकीतून येणारा रस्ता दिसत नाही, गेलेला तेवढा दिसतो.

मायणीच्या अलीकडं एका टपरीवर दोघं चहाला उतरले. मी खरकट्या पाण्याची टाकी सोडायला उतरले. "मावशी, त्या बाभळीच्या बुडाला सोडा," टपरीवाला म्हणाला. पाइप लावून मी गाडीच्या मागं वाकून उभी होते, तेवढ्यात इंजिन सुरू झालं. मला वाटलं, गरम करत असतील. मी घंटी कुठं दिली होती? डबल सोडा, एकसुद्धा नाही. पाइप निसटला, खरकटं पाणी सगळं माझ्या साडीवर आलं आणि गाडी गेली.

मी मागं धावले नाही. मोबाईल आत चार्जिंगला होता, बटवा तेवढा कमरेला. त्या दिवशी चपला राहिल्या, आज मी राहिले. टपरीवाल्यानं स्टूल दिलं, "येतील की मागारी," म्हणाला. समोर दोघांचे रिकामे ग्लास होते. माझा चहा कुणी सांगितलाच नव्हता. तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

बराच वेळ वाट बघितली. मग वडूजची एस्टी आली, तिला हात केला. अगदी पुढचा बाक रिकामा होता. मी नीट बसले का ते कंडक्टरनं बघितलं आणि मग डबल दिली. समोर मोठी काच, सगळा रस्ता अंगावर येत होता. ओल्या साडीत मी तो बघत बसले.

नंतर बहिणीच्या ओसरीवर हे सगळ्यांना सांगत होते, "गाडी थांबवून पाण्याची बाटली मागितली, तर आतनं आवाज न्हाई. तवा ध्यानात आलं." तहान लागली तेव्हा मी नाही हे कळलं. तहान लागली नसती तर कास आलं असतं.

इकडं एस्टीत मायणी मागं पडली आणि समोरून आमची गाडी आली. ती समोरून येताना कशी दिसते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. हे स्टिअरिंगवर झुकले होते, तोंड पार उतरलेलं. शेजारी मित्र, माझ्या सीटवर. दोघंही रस्त्याची कड धुंडाळत होते, एस्टीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. घंटीची दोरी कंडक्टरच्या हाताशी होती. मी नुसतं म्हटलं असतं तरी त्यानं एक घंटी दिली असती.

मी वळून बघितलेलं त्यानं पाहिलं. "मावशी, वळखीची हाय का गाडी?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि परत समोर बघत बसले.