तरुणची सपाट सुरी

तरुणची सुरी माझ्या हातात होती आणि तरुण एअरपोर्टला मासे आणायला गेला होता. संध्याकाळी टेस्टिंग होतं, म्हणजे पाहुण्यांना आणि वरच्या साहेबांना पदार्थ चाखायला द्यायचे होते. किचनमध्ये आमच्या कोपऱ्यात मी एकटीच.

आमचं हॉटेल दिल्लीतलं, जुनं. गुडगावला नवीन बांधत होते. तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धी शेतं आणि अर्ध्या क्रेन्स. पण जपानी कंपन्यांचे साहेब तिकडे राहायला यायला लागले होते, म्हणून नव्या हॉटेलात जपानी रेस्टॉरंट ठरलं. त्यासाठी एका माणसाला सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवायचं होतं. यादीत माझं नाव होतं. चौदा वर्षं मी कोल्ड किचन सांभाळत होते, म्हणजे सॅलड, मासे, थंड मांस, सगळं. आख्ख्या किचनच्या सुऱ्यांना धारही मीच लावायचे. आणि गेला कोण? तरुण! ट्रेनी म्हणून माझ्याच हाताखाली आलेला. कांदा कापताना बोटांची टोकं आत कशी घ्यायची, हे त्याला मी शिकवलेलं.

परत आला तो कातडी गुंडाळीत एक लांब सुरी घेऊन. रोज काम संपलं की पाण्यात भिजवलेल्या दगडावर अर्धा तास घासायचा, आणि पोरं भोवती उभी राहून बघायची. माझ्याभोवती चौदा वर्षांत कुणी उभं राहिलं नव्हतं. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये रोज रात्री जेवताना माझं तेच पुराण. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, किती जळशील! धूर येतोय इथपर्यंत."

जळत होतेच. खोटं कशाला बोलू?

तर त्या दिवशी मी ती गुंडाळी उघडली. म्हटलं, बघू तरी काय सोनं लागलंय. पातं उजेडात धरलं आणि मला अक्षरशः आनंदाच्या उकळ्या फुटल्या. धार एकाच बाजूनं लावलेली! उजवीकडे छान उतार, डावीकडे नुसतं सपाट.

इथे थोडं सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या सुरीला दोन्ही बाजूंनी सारखा उतार असतो, छपरासारखा. दोन्ही उतार जिथे मिळतात ती धार. एकच बाजू घासली तर काम अर्धवट. हे कुठलाही ट्रेनी सांगेल.

मी सरळ शेफ खुरानांना बोलावलं. हे आमचे एक्झिक्युटिव्ह शेफ, किचनचे सर्वेसर्वा. म्हटलं, "शेफ, ये देखिए. छह महीने जपान, और दूसरी साइड भूल गया."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "अरे यार, शाम को टेस्टिंग है! आप कर दीजिए, मॅडम."

एवढंच ऐकायचं होतं मला. तेलाचा दगड काढला आणि सपाट बाजूवर वीस मिनिटांत सुरेख उतार पाडला. कागद कापून दाखवला, सर्रकन गेला. "वेल डन," शेफ म्हणाले. मी सुरी पुसून परत गुंडाळीत ठेवली. इतकी खूश मी प्रमोशनलाही झाले नव्हते.

चार वाजता तरुण आला. मासा स्वच्छ केला आणि साशिमीसाठी, म्हणजे कच्च्या माशाच्या चकत्यांसाठी, पहिला काप घेतला. थांबला. दुसरा घेतला. चकतीवर चकाकी नव्हती, कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या. त्यानं पातं उलटं केलं.

"ये किसने किया?"

शेफ फ्रीजचं टेंपरेचर बघायला लागले. मी म्हटलं, "मी. मैंने. तुमने दूसरी साइड छोड़ दी थी."

"मॅम, वो साइड फ्लॅट ही होती है."

ती सुरी जन्मतःच एका उताराची होती. म्हणून तिचा कोन इतका बारीक, आणि म्हणून मासा फाटत नाही. दुसरीकडून उतार पाडला की कोन जाड होतो. कागदाला फरक कळत नाही, माशाला कळतो. मी धार लावली नव्हती, सुरीचा जीव घेतला होता.

दोन तासांत पाहुणे येणार होते. टेस्टिंग फसलं तर रेस्टॉरंटला दुसरा हेड शोधणार, हे जनरल मॅनेजरनी आधीच सांगितलेलं. तरुण ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मॅम, एक बार पूछ लेते." मग माझ्या रॅककडे बघून म्हणाला, "आपकी सॅमनवाली मिलेगी? धार है ना उसमें?"

स्मोक्ड सॅमन कापायची माझी लांब, पातळ सुरी. क्षणभर मनात आलं, नाही म्हणावं. काम तमाम. गुडगाव त्याच्या हातून जाईल आणि कदाचित माझ्याकडे येईल. एक वाक्य पुरे होतं: तिला धार नाही.

पण ते वाक्य तोंडातून निघेना. माझ्या सुरीला धार नाही? तेही त्याच्यासमोर, पोरं ऐकत असताना? मेले तरी नाही!

"धार है क्या म्हणजे काय? ये लो!"

टेस्टिंग उत्तम झालं. चकत्या काचेसारख्या पडल्या. पाहुण्यांनी मान डोलावली, जनरल मॅनेजरनी तरुणचा हात हातात घेतला, आणि त्या शहाण्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, नाइफ सुलभा मॅम की थी." मोठेपणाही त्यानंच दाखवायचा! तेवढा तरी माझ्यासाठी ठेवायचा होता. त्या दिवसात मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

रेस्टॉरंट त्याला मिळालं. त्याची सुरी मी मागून घेतली आणि त्याच्याच पाण्याच्या दगडावर, तो सांगेल तशी, सपाट बाजू परत सपाट करत बसले. अकरा दिवस लागले. पातं अरुंद झालं ते झालंच. भोवती पोरं उभी असायची, पण बघायची त्याच्याकडे.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सोसायटीतल्या बायका अजून सुऱ्या घेऊन येतात. मी आधी दोन्ही बाजू बघते, मग विचारते. आणि मालकीण समोर नसेल तर सुरीला हात लावत नाही. मी स्वतःला ओळखून आहे.