टिश्यूचं पाकीट

पुण्याहून कोणी नवीन आलं की क्वीन्सटाउनचे शैलेंद्र देवस्थळी त्याला शनिवारी हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या सामायिक टेबलांच्या खाऊबाजारात, नेऊन शहाणं करायचे आणि रविवारी घरी जेवायला बोलवायचे. क्षितिजला मात्र त्यांनी फारच फैलावर घेतलं, कारण त्यानं टेबलावरचं टिश्यूचं पाकीट फुकटचं समजून खिशात घातलं.

"ठेव ते आधी," देवस्थळी खेकसले. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसंच हे. पाकीट दिसलं की जागा धरलेली. माणूस दिसो न दिसो, तिथं बसायचं नाही."

रविवारी देवस्थळींकडे क्षितिज ताट हातात घेऊन भिंतीला टेकून जेवू लागला. संजीवनीकाकूंनी कितीदा बस म्हटलं, तरी हा ढिम्म.

"अरे, टेबल रिकामं आहे की."

"नाही काकू, प्रत्येक खुर्चीसमोर पाकीट आहे. ती मंडळी आली तर पंचाईत."

पाकिटं काकूंनीच हात पुसायला ठेवली होती. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. देवस्थळींचे डोळे मात्र भरून आले.

"इतक्या वर्षांत इतक्यांना सांगितलं," ते म्हणाले, "ऐकणारा हा पहिलाच."

आणि कौतुकानं त्यांनी क्षितिजला उभ्यानंच आणखी एक पुरणपोळी वाढली.