दोन सह्यांचं पाखरू

घरात मोडक्या छत्र्या साठतात तसे किस्से साठतात. एकही धड उघडत नाही आणि टाकवतही नाही. त्यातले हे काही निजामी अमलातले. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. म्हणजे, असावी.

पाथरीच्या बाजूला गोदावरीच्या पात्रात एक बेट होतं. पावसाळा ओसरला की तिथं दूरदेशची पाखरं उतरत. ती पाहायला आम्ही तिघं जायचो: वकीलसाहेब, हकीमसाहेब आणि मी, एम. ए. झालेला शाळामास्तर. आमच्या रजिस्टरचा नियम कडक. पाखरू दोघांनी पाहून सह्या केल्या तरच नोंद. ज्याला आधी दिसलं, त्याची सही पहिली.

चार वर्षांत माझी पहिली सही एकही नव्हती! मी सुरुवातच "बहुधा..." अशी करायचो. वाक्य पुरं होईस्तोवर पाखरू उडालेलं असायचं.

* * *

वकीलसाहेबांना 'बहुधा' हा शब्दच ठाऊक नव्हता. एकदा त्यांना गवतापलीकडं पांढरा करकोचा दिसला. आम्ही तासभर पोटावर पडून. वकीलसाहेब कुजबुजले,

"काय शिस्त आहे! मानसुद्धा हलवत नाही!"

वकील आणि हकीम, दोघांच्या सह्या झाल्या. मला शंका आली होती, पण मी "बहुधा..." म्हणेपर्यंत शाई वाळली. तेवढ्यात आमचा नाववाला सिताराम भोई सरळ चालत गेला आणि करकोच्याचं डोकं उचलून घेऊन आला. चुना फासलेलं मडकं!

"बुजगावणं हाय मालक. टरबुजाच्या वाडीत मीच रोवलंय."

मी म्हटलं, नोंद खोडू या. वकीलसाहेब म्हणाले, "दोन साक्षीदार झाले. आता अपील नाही!"

* * *

हकीमसाहेबांचा प्रत्येक पाखराला एकच प्रश्न, तोही रश्श्याचा. "इसका सालन कैसा बनता जी, मास्तर?"

रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना त्यांच्याकडं होता. चक्रवाकापुढं त्यांनी लिहिलंय: "गोश्त सख्त." त्यांना हे कसं कळलं, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

* * *

मग दिवस बिघडले. सरकारला जिकडंतिकडं हेर दिसू लागले. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी मला बोलावलं.

"दुर्बीण कशाला?"

"पाखरं बघायला."

"पाखरं आम्हालाही दिसतात. आम्ही घेतली कधी दुर्बीण?"

एम. ए.च्या पेपरात हा प्रश्न नव्हता! त्यांनी माझ्या मागावर एक जवान लावला. मास्तर कुणाकुणाला भेटतो, ते रोज लिहून आणायचं.

* * *

दिवाळीनंतरची सकाळ. वकीलसाहेब तापानं पडलेले, हकीमसाहेब त्यांच्या उशाशी. सिताराम नावेत झोपलेला. बेटावर मी आणि झुडपामागं जवान.

आणि ते उतरले, हिमालयापलीकडचे हंस. पट्टकादंब! पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या!

मी झुडपाकडं धावलो. "अहो, दिसले का?"

"दिसले की. लय हायत."

"मग सही करा!"

"ड्युटीवर असली सही चालत न्हाई, मास्तर. रिपोटात लिवतो."

वकीलसाहेबांनी अंथरुणातूनच नोंद नाकारली. "दुसरी सही कुठाय?"

दोन दिवसांनी अमीनसाहेबांचं बोलावणं आलं. वकीलसाहेब मफलर गुंडाळून माझ्यासोबत आले. जवानाचा रिपोर्ट वाचला गेला: "मास्तर बेटावर चाळीस परदेशींना भेटले. सगळे उत्तरेकडून आले. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या."

"नावं सांगा!" अमीनसाहेब गरजले.

 त्या दिवशी 'बहुधा' तोंडातून निघालाच नाही.

"पट्टकादंब!"

"चाळिसांचंही हेच नाव?"

"चाळिसांचंही!"

त्यांनी ते लिहून घेतलं. आधी माझी सही, खाली जवानाची, मग सरकारी ठसा. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथं नक्कल मागितली.

ती अजून रजिस्टरात चिकटवलेली आहे. शेऱ्याच्या जागी अमीनसाहेबांच्या हातचा एकच शब्द: "फरार."