हात वर कर, शर्वरी!

आमच्या तलावावर विसरलेले गॉगल आणि टोप्या एका बादलीत साठतात. किस्सेही तसेच. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण बादली कधी रिकामी नसते! मी बॅचमध्ये सगळ्यात कमी बोलते, म्हणून माझ्याकडे जास्त साठलेत. आणि बरेचसे माझ्यामुळेच घडलेत. मला सहावीपासून टाइप वन डायबेटिस आहे आणि मला समुद्रात पाच किलोमीटर पोहायचं होतं.

*

नाशिक रोडच्या आमच्या तलावावर आमच्या आधी बायकांची बॅच असते. त्यातल्या वाघकाकूंनी एकदा माझ्या दंडावरचा सेन्सर पाहिला. नाण्याएवढी ती चकती अंगातली साखर मोजून मोबाइलवर दाखवते.

"एवढ्याशा पोरीला शुगर? गोड लय खायची का गं?"

"नाही काकू. माझ्या शरीरात इन्सुलिनच तयार होत नाही."

"आमच्या नांदगावला एक जण हाय. कारल्याचा रस देतो. शुगर गायब!"

दुसऱ्या दिवशी काकू खरंच रसाची बाटली घेऊन आल्या. मला कुणाला नाही म्हणता येत नाही. माझी मैत्रीण मुक्ता हे ओळखून आहे. तिने माझ्या हातातून बाटली घेतली आणि एका दमात संपवली!

काकू बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, हिला तरी आता होणार नाही."

त्या दिवशी मुक्ता आजवरच्या सगळ्यात कमी वेळात पलीकडे पोचली. चूळ भरायचा नळ तिकडे होता!

*

रविवारी प्रॅक्टिस संपली की सगळी बॅच मिसळ खायला जाते. मिसळीबरोबर जिलबी ठरलेली. मी मनातल्या मनात पाव, मटकी आणि जिलबीचा अंदाज घेतला आणि टेबलाखाली इन्सुलिनचं पेन टोचलं. तेवढ्यात मुक्ताने माझी जिलबी उचलून तोंडात टाकली.

"तुला चालत नाही ना? मोहातून सोडवलं तुला!"

"मुक्ता," मी हळूच म्हणाले, "त्या जिलबीचं इंजेक्शन मी घेतलंय."

तिचं तोंड हलायचं थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे आता ती खाल्ली नाही तर माझी शुगर खाली जाईल."

मुक्ता खुर्चीवरून उठली आणि ओरडली, "दादा, जिलबी! इमर्जन्सी आहे!"

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी लगेच आपली जिलबी पुढे केली. "घे बाळा. मलापण डायबेटिस आहे. आमची ही हात धुवून यायच्या आत संपव!"

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत.

थंडीतली सकाळ होती. पोहताना माझे हात थरथरायला लागले. थंडीत सगळ्यांचेच थरथरतात, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे साखर उतरतेय हे मला कळलं होतं. पण मी थांबले असते तर सगळी बॅच थांबली असती आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी पोहत राहिले. मग मुक्ताच्या लेनमध्ये शिरले. पुढचं आठवतं ते एवढंच, की मी काठावर होते आणि आमचे कोच गायधनी सर माझ्या ओठांना ग्लुकोजचं पाणी लावत होते.

मी नीट बसल्यावर सर म्हणाले, "पाण्यात असताना तुझा सेन्सर मोबाइलशी बोलत नाही. तूपण बोलत नाहीस. मी भरवसा कुणावर ठेवायचा?"

सरांनी टॉवेल माझ्या खांद्यांवर टाकला.

"पोहता तुला येतं. हात वर करता येत नाही. तो येईल तेव्हा समुद्र."

आई मला स्कूटरवरून घरी घेऊन निघाली. द्वारका चौकातल्या सिग्नलला तिने हात मागे करून माझा गुडघा घट्ट धरला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी तिने सोडला नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून सरांचा नवा नियम. रोज पोहता पोहता मी एकदा थांबून हात वर करायचा. कारण असो वा नसो.

"काय?" सर काठावरून विचारायचे.

"काही नाही, सर."

"छान. चल पुढे."

पहिल्या दिवशी सगळी बॅच वळून बघायला लागली. तळाशी जाऊन तिथेच बसावंसं वाटलं! हळूहळू लोकांनी बघणं सोडलं. सरांनी नाही.

एकदा ते फोनवर कुणाशी तरी जोरात भांडत होते. मी हात वर केला. सर वाक्य अर्ध्यावर टाकून धावले आणि फोन हातातून निसटून पाण्यात!

"काय?"

"काही नाही, सर."

सरांनी तळाशी चमकणाऱ्या फोनकडे पाहिलं.

"छान," ते म्हणाले.

*

शेवटी डॉक्टरांनीही परवानगी दिली आणि आम्ही कोकणात गेलो. समुद्रातल्या स्पर्धेत बोटीला हात लावला की बाद. मग ज्यूस द्यायचा कसा? सरांनी तलावातली पानं काढायची लांब दांड्याची जाळी उचलून आणली होती. आईने ती गरम पाण्याने इतकी घासली, की फाटली. मग तिला माझ्या जुन्या गणवेशाचं ठिगळ लागलं!

किनारा दिसायला लागला तेव्हा माझे ओठ बधिर झाले. थंडीने की साखर उतरल्याने, कळेना. एक मुलगी माझ्या अगदी मागोमाग होती. थांबले तर ती पुढे जाणार, हे नक्की.

मी हात वर केला.

जीवरक्षक माझ्याशेजारी पाण्यात उतरला. सरांच्या बोटीवरून ठिगळाची जाळी ज्यूस घेऊन आली.

"काय?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर!"

मी ज्यूस प्यायले आणि अंगात बळ येईपर्यंत तरंगत राहिले. ती मुलगी गेली. तिच्यामागे आणखी काही जणी गेल्या. मी शेवटून तिसरी आले.

"छान," सर म्हणाले.

*

कोकणात जायच्या आधी आई शाळेत येऊन सांगून गेली होती, की शर्वरीने हात वर केला तर काही विचारत बसू नका, आधी गोड द्या. शाळेत मी तोवर एकदाही हात वर केला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

आम्ही परत आलो. सोमवारी भूगोलाच्या तासाला मॅडमनी विचारलं, "समुद्राचं पाणी खारट का असतं?"

मी हात वर केला.

मॅडमच्या हातातला खडू पडला. मुक्ता बाकावरून उडी मारून आली. कुणी खिडकी उघडली, कुणी वहीने वारा घातला. मॉनिटरने दप्तरातून चॉकलेट काढून थेट माझ्या तोंडात कोंबलं.

"बोलू नकोस, बाळा," मॅडम म्हणाल्या. "शांत बस. आधी खा."

मी चॉकलेट खाल्लं. हात खाली घेतला नाही.

"मॅडम," मी म्हणाले, "मला उत्तर येतंय."